पान चार, रकाना दोन

वाचावं कसं, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! लोक पेपर चाळतात, मी वाचतो. आणि वाचून सोडून देत नाही, नोंद ठेवतो. बातमी असो, नाटकाचं परीक्षण असो की चित्रप्रदर्शनावरचा लेख असो, वाचून झालं की माझ्या निळ्या वहीत तारीख, पान, रकाना आणि एका ओळीत रोखठोक अभिप्राय. पान चार, रकाना दोन म्हणजे नुसतं ४/२. शीर्षक लिहायचं नाही. शीर्षकं उतरवत बसणारे वाचणार कधी?

"अहो, पण महिन्याने कळणार कसं, हे कशाबद्दल लिहिलंय ते?" बायकोने एकदा विचारलं.

"ज्याला कळायचं त्याला कळतं!" मी म्हणालो.

माझी नोकरी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. तक्रारीचा फोन आला की मी रजिस्टरमध्ये लिहितो : तारीख, इमारत, लिफ्ट, तक्रार. इमारत चार, लिफ्ट दोन म्हणजे ४/२. रजिस्टरही निळंच, कारण माझी वही ऑफिसच्याच कपाटातली. आता तुम्ही हुशार आहात, पुढचं ओळखलं असेल. मला मात्र त्या सोमवारपर्यंत सुचलं नव्हतं!

सोमवारी सकाळी आमच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना दम भरला. सहा इमारती आणि बारा लिफ्ट असलेल्या वसाहतीचं आमचं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. "वसाहतीच्या अध्यक्षांची सही होईपर्यंत तिथून एकही तक्रार येता कामा नये! हे काम गेलं तर निम्म्या लोकांना घरी बसावं लागेल." बोलताना नजर माझ्याकडे. म्हणजे निम्मे कोण, ते ठरलेलंच होतं.

नेमकी त्याच दिवशी मला अक्कलदाढ काढायची होती. रजिस्टर खणात ठेवलं, वही टेबलावर राहिली आणि मी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. पाठोपाठ आमचे मिस्त्री आले आणि टेबलावरचं निळं ते उचलून कामाला निघाले. मिस्त्री म्हणजे देवमाणूस. हातात कसब आहे, पण लिहिलेल्या शब्दाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. 'पंखा काढा' असं लिहिलं तर कागदावर चित्र काढायचं की छतावरून उतरवायचा, एवढंच फक्त विचारतील!

दाढ निघाली. अर्धा चेहरा परक्याचा झाला होता, तेवढ्यात मिस्त्रींचा फोन.

"संपादक, चार-दोनवर आलोय." ऑफिसात मला संपादक म्हणतात. "चालतीये झकास. पण तुम्ही लिहिलंय, 'सुरुवातीलाच धक्के देतो, मध्ये अडकतो. वरवर डागडुजी नको, पूर्ण खोलून पुन्हा जोडायला हवा.' मग खोलू का?"

ती रविवारच्या लेखावरची नोंद!

"वही! वही!" मी ओरडलो. पण बधिर जिभेतून ते 'हवी, हवी' असं काहीतरी बाहेर पडलं.

"हवी ना? मग खोलतो! आणि चार-एकचं? 'दोन्ही बाजू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये' असं लिहिलंय. ती बंद ठेवतो."

"ना-ई! ना-ई!"

"घाई? करतो, करतो!" फोन बंद.

तोंडात कापसाचा बोळा घेऊन मी रिक्षात बसलो. वसाहतीत पोचलो तर चार नंबरच्या तळमजल्यावर चादर अंथरलेली आणि तिच्यावर लिफ्टचे अवयव ओळीने मांडलेले, जणू लग्नातला रुखवत! जिन्यात ही गर्दी. पाचव्या मजल्यावरच्या आजी पायरीवर बसून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना म्हणत होत्या, "अगंबाई, तू इथेच राहतेस? मला वाटलं, तुम्ही कधीच घर सोडून गेलात!" दोघींनी सामानाची पिशवी मध्ये ठेवून गप्पांचा अड्डाच जमवला होता. मुलं कठड्याला धरून वर-खाली धावत होती. रागावलेलं कोणी दिसेना, पण मी थेट मिस्त्रींना गाठलं.

"वही कुठेय?" मी कसंबसं उच्चारलं.

"काम सुरू केल्याची सही घ्यायला अध्यक्षांकडे दिली," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "दहावा मजला."

दहा मजले मी कसा चढलो, ते माझे गुडघे अजून सांगतात. दार उघडंच होतं. अध्यक्ष म्हणजे शाळेतले निवृत्त भाषाशिक्षक. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, समोर माझी वही. मिस्त्रीही मागोमाग आले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

मी मान हलवली.

"लिफ्ट अडकतो?"

"घाईत लिहिलं असेल, सर," मिस्त्री मदतीला धावले. "मलाही खटकलं होतं, पण म्हटलं, मोठी माणसं आहेत."

"लिफ्ट अडकते!" अध्यक्ष कडाडले. "अडकतो तो लेख! आणि रविवारी पान चार, रकाना दोनमध्ये लेख होता, जुन्या वाद्यांच्या जतनावर. तो माझा होता."

मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला, शीर्षकासकट!

"माफ करा, सर," तोंडातला बोळा काढून मी पुटपुटलो. "लिफ्टची काही चूक नाही. कंपनीचीही नाही. वही माझी, चूकही माझी."

त्यांनी चष्मा काढला. खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पाहतो तर हसत होते!

"अहो, तीस वर्षं लिहितोय मी! बायको म्हणते, छान. मुलगी म्हणते, छान. पेपरचा संपादक तर काहीच म्हणत नाही. माझा लेख खोलून पाहावा असं वाटलेला पहिला माणूस भेटलात तुम्ही. बसा!"

मग चहा आला. मला पिता येईना, म्हणून मिस्त्रींनी दोन्ही कप संपवले आणि लिफ्ट जोडायला गेले. संध्याकाळी सगळे लिफ्टने वर गेले, ती लोण्यासारखी चालली, आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी काकूंना सोडायला पुन्हा तिसऱ्यावर उतरल्या. कंत्राटावर सही झाली. मालकीणबाईंनी चक्क माझी पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी निघताना अध्यक्षांनी मला दारात अडवलं. "एक सांगा. लेख नेमका कुठे अडकतो?"

मी खोल विचारात गेल्यासारखा चेहरा केला. "तिसऱ्या परिच्छेदापाशी, सर."

"अगदी बरोबर!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मलाही तिथेच शंका होती!"

आता हे आपल्यातच ठेवा. तिसऱ्या परिच्छेदापाशी मीच अडकलो होतो, कारण तेवढ्यात बायकोने पडदे काढायला हाक मारली. त्याच्या पुढचा लेख मी अजून वाचलेला नाही!