नऊ-वीसचे साहेब

"एका सेकंदाचे दहा लाख तुकडे कर. त्यातला एक तुकडा! तेवढीसुद्धा चूक माझ्या कारखान्यात यापुढे होणार नाही!"

रविवारी जेवताना बायकोला हे ठणकावून सांगणारा माणूस गेली सहा वर्षं रोज कामावर वीस मिनिटं उशिरा पोचत होता. कारखान्यात त्याला सगळे 'मायक्रो' म्हणत. तोंडावर 'साहेब'.

कारखाना फळांच्या रसाचा. नऊ यंत्रं ओळीत उभी. एक बाटली ठेवतं, दुसरं रस ओततं, तिसरं झाकण लावतं. पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, त्यामुळे कधी आधी झाकण बसायचं आणि मग त्यावर रस! मायक्रोने नवं नेटवर्क घातलं, नऊ यंत्रं एका धाग्यात ओवली आणि त्यांच्यावर एकच घड्याळ नेमलं. दिसायला जेवणाचा डबा, पुढे आकडे, आत बॅटरी.

या नेटवर्कचा नियम सोपा आहे. जे घड्याळ 'सगळ्यांत अचूक मीच' असं सांगतं, त्याच्यामागे बाकीची मुकाट्याने जातात. पडताळणी कोणी करत नाही. घरोघरी हेच चालतं, फक्त तिथे वायर नसते.

सोमवारी अकराला रस घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या खरेदीच्या मॅडम पाच जणांना घेऊन यायच्या होत्या. काम पसंत पडलं तर अख्ख्या कारखान्याचं नेटवर्क मायक्रोच्या हाती. नाही पडलं तर? मोठे साहेब एवढंच म्हणाले होते, "नाहीतर परत गोदामात." मायक्रोने तिथे चार वर्षं काढली होती. तिथले उंदीरही त्याला एकेरी हाक मारत.

म्हणून त्याने डबा घरी आणला, सेकंदाला सेकंद जुळवला, फ्रिजवर ठेवला आणि निर्धास्त झोपला.

सोमवार, ९:२०

मायक्रो डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून फाटकात शिरला. वॉचमनने त्याच्याकडे पाहिलं, मग केबिनमधल्या घड्याळाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि तो स्टुलावर चढला.

"काय झालं?"

"काही नाही साहेब. घड्याळ मागं पडलंय मेलं! नऊच दाखवतंय!" त्याने काटा खटकन पुढे सरकवला. "तुम्ही आलात म्हणजे नऊ-वीस."

मायक्रो जरा ओशाळला. पण डबाही नऊ-वीसच म्हणत होता.

१०:१५

शेडमध्ये मोबाइल आणि मनगटी घड्याळ न्यायची बंदी; दोन्ही बाहेर लॉकरमध्ये. डबा जोडला. नऊच्या नऊ डिस्प्ले एकसाथ बदलले! मायक्रोचे डोळे भरून आले.

"साहेब," वायरमनकाका म्हणाले, "भिंतीवरचं घड्याळ तर दहाला पाच कमी दाखवतंय."

"काका, इकडे नऊ साक्षीदार, तिकडे एक! फाटकावरचं घड्याळसुद्धा आपल्या बाजूने आहे. उतरवा ते भंगार!"

काकांनी उतरवलं. "आणि साडेअकराची धुलाई? पुढे ढकलू?"

रोज साडेअकराला शेडच्या छतातल्या चाळीस तोट्या आपोआप उघडत. आधी साबणाचा फेस, मग पाणी. आता त्याही याच नेटवर्कवर होत्या.

"कशाला? पाहुणे अकराला येणार, दहा मिनिटांत जाणार!"

११:२०

पाहुणे आले. वीस मिनिटं उशिरा! मोठी माणसं, चालायचंच, असं म्हणत मायक्रोने मोठं मन केलं आणि भाषण सुरू केलं. भाषण करताना त्याला काळवेळ राहत नसे.

११:२९

नऊ पिवळे दिवे गरगरू लागले.

"हे कसले दिवे?" मॅडमनी विचारलं.

मायक्रोला आठवेना. "कसले ते महत्त्वाचं नाही, मॅडम! एकाच क्षणी लागले, हे बघा!"

"साहेब!" दारातून काका हात हलवत ओरडले. "धुलाई!"

"काका, पाहुण्यांसमोर आपली धुणी नकोत!" मायक्रो दातओठ खात म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. "आता डिस्प्लेकडे बघा. साडेअकरा नऊही ठिकाणी एकदम वाजतील. चला, मोजू या! पाच... चार..."

पाहुणेही हौसेने मोजू लागले. मोठे साहेबही!

"तीन... दोन... एक..."

११:३०

(दुरुस्ती. वर दिलेल्या सगळ्या वेळांतून वीस मिनिटं वजा करावीत. सांगणाऱ्यानेही आपलं घड्याळ डब्याशीच जुळवलं होतं.)

लॉकरमधल्या मोबाइलवर अकरा-चौदा झाले होते. मायक्रोने फेसाळल्या अंगठ्याने बायकोचा निरोप उघडला. 'तुझा तो डबापण वीस मिनिटं पुढे केलाय. घरात तेवढं एकच घड्याळ राहिलं होतं. आज तरी वेळेवर पोच!'

घरातली सगळी घड्याळं ती वीस मिनिटं पुढेच ठेवायची, आणि मायक्रो मनात वीस वजा करून आरामात उशीर करायचा. डब्यातून मात्र त्याने काही वजा केलं नव्हतं. डबा स्वतःचा ना!

तो शेडमध्ये परतला. सहा पाहुणे आणि मोठे साहेब ओळीने ठिबकत उभे होते. मायक्रोला गोदामाचा वास येऊ लागला.

मॅडमनी चष्म्यावरचा फेस पुसला. "आधी कोणावर पडलं?"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "सगळ्यांवर एकदम, मॅडम. 'आई गं'सुद्धा सगळे एकदमच ओरडलो."

"चाळीस तोट्या आणि एक क्षण!" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्या साहेबांकडे वळल्या. "ऑर्डर पक्की. आधी टॉवेल द्या."

मोठ्या साहेबांनी बुटातलं पाणी ओतलं. "नेटवर्क तुमचं, मायक्रो," ते पहिल्यांदाच तोंडावर म्हणाले. "डबा मात्र काकांच्या कुलपात."

संध्याकाळपर्यंत सगळी घड्याळं जागेवर आली. फाटकावरचंही.

मंगळवार, ९:०० (पडताळलेले)

मायक्रोने रात्री शपथ घेतली होती. नऊच्या ठोक्याला तो फाटकात हजर!

वॉचमनने त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग स्टूल ओढलं.

"अहो, थांबा! आज मी खरंच वेळेवर आलोय!"

"काल पण मला घड्याळावरच विश्वास ठेवावासा वाटत होता, साहेब," वॉचमन वर चढत म्हणाला. "पण घड्याळ बिघडतं. तुम्ही सहा वर्षांत एकदाही बिघडला नाहीत!"

बोट काट्यापर्यंत पोचलं.

"हात लावू नका!" मायक्रो ओरडला, आणि उलट्या पावली फाटकाबाहेर गेला.

समोरच्या झाडाखाली तो वीस मिनिटं उभा राहिला. कारखान्याची वेळ बिघडू नये म्हणून.