रत्नाकर गुरुजी आणि सत्तावीस स्क्रू

प्रसन्न देवस्थळींच्या घरचा टीव्ही सत्यनारायणाच्या दिवशी सकाळी पावणेदहाला गेला. गेला म्हणजे बोलत होता, पण दिसत नव्हता. बातम्या देणारी बाई घसा ताणून बोलत होती आणि पडदा काळाकुट्ट होता. प्रसन्नने रिमोटचे सेल बदलले, प्लग काढून परत लावला, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. बाई बोलतच राहिली.

एखाद्या दिवशी टीव्ही नसता तर घरात कुणाला कळलंही नसतं. पण त्या दिवशी दुपारी चारला इरावतीचा सामना होता. आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना, तोही थेट प्रक्षेपण. इरावती प्रसन्नची मुलगी, सांगलीला कॉलेजात शिकणारी. ती संघात निवडली गेली तेव्हा प्रसन्नच्या बायकोनं, निवेदितानं, सत्यनारायण बोलला होता, तोच आज मुन्शी घाटामागच्या गल्लीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चालायचा होता. प्रसन्नची बँकेतली बदली बनारसला होऊन दोन वर्षं झाली होती.

"मोबाईलवर बघू की," प्रसन्न म्हणाला.

निवेदितानं नुसतं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आबा बसले होते. आबा म्हणजे प्रसन्नचे वडील, सांगलीच्या शाळेत छत्तीस वर्षं खो-खो शिकवलेले. इरावतीला पाचव्या वर्षी पहिला खो त्यांनीच दिला होता. आता वय एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलेला, कडेनं तेवढं दिसायचं. मोठ्या टीव्हीपुढे हातभर अंतरावर खुर्ची घेऊन, मान तिरकी करून बसले की त्यांना माणसं ओळखू यायची. मोबाईलवरचा उपांत्य सामना त्यांनी पाहिला होता. "मुंग्या चांगल्या पळाल्या," एवढंच म्हणाले होते.

शेजाऱ्यांकडे नेणं शक्य नव्हतं. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते आणि जिना बनारसी होता, म्हणजे अर्ध्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या. नवीन टीव्ही मागवावा म्हणून प्रसन्ननं दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "आज गोदौलिया चौराहे पर गाड़ी बंद है साहब. कल सुबह दस बजे, पक्का."

तेवढ्यात रत्नाकर गुरुजी आले. रामघाटावर सात पिढ्या राहिलेलं घराणं. स्वतः घनपाठी, म्हणजे वेदातला एकेक शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ असा गुंफून बिनचूक म्हणणारे. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काटक आणि बोलायला मोजके. पूजा सुरू झाली. प्रसन्न पाटावर बसला खरा, पण त्याचं निम्मं लक्ष दाराकडे होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वर्मा मेकॅनिकला बोलावणं गेलं होतं.

वर्मा आला तो दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर. चाळिशी ओलांडलेला, खांद्याला पिशवी, तोंडात पान. त्यानं टीव्ही चालू केला, दोन क्षण कान दिला, बंद केला आणि तिथूनच निकाल सांगितला, "पैनल गया साहब. नया ले लीजिए, इसमें कुछ नहीं रखा."

गुरुजींची भुवई किंचित वर गेली. पण पोथी थांबली नाही. अध्याय संपला, घंटा वाजली, आणि त्याच सुरात, त्याच पट्टीत गुरुजी म्हणाले, "आवाज येतोय का?"

प्रसन्नला ते कथेतलंच वाटलं. त्यानं भक्तिभावानं अक्षता वाहिल्या.

"अहो, टीव्हीचं विचारतोय मी. आवाज येतोय?"

"हो... येतोय."

"आणि चॅनल बदललं की बदलतं?"

"बदलतं."

"मग पॅनल नाही गेलं. त्या भाईसाहेबांना म्हणावं, खोलीत अंधार करा, मोबाईलचा उजेड पडद्यावर तिरपा धरा आणि जवळून बघा." एवढं बोलून त्यांनी तिसरा अध्याय सुरू केला.

वर्मा हसला. पण पंडितजींचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्यानं पडदे ओढले आणि मोबाईलचा उजेड धरला. मग तो वाकला. मग तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"अरे!" तो म्हणाला. "तस्वीर तो है अंदर!"

निवेदिता हातातला शिऱ्याचा कालथा घेऊनच धावली. खरंच होतं. उजेड पडला तेवढ्या जागेत बातम्या देणारी बाई फिकट, धुरकट, पण अगदी हसताना दिसत होती. आबा आतून ओरडले, "काय झालं?"

"आबा, टीव्हीत चित्र आहे, पण मागचा उजेड गेलाय!"

"मग माझं उलटं आहे," आबा म्हणाले.

गुरुजींनी पाचही अध्याय वाचले. एक शब्द गाळला नाही की एक शब्द पळवला नाही, आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. तेवढ्या वेळात प्रसन्ननं चाळीसदा पाहिलं. आरती झाली, विसर्जनाच्या अक्षता पडल्या. एक वाजून दहा मिनिटांनी गुरुजी उठले, हात धुऊन आले, उपरणं कमरेला बांधलं आणि म्हणाले, "टीव्ही हॉलमधल्या पलंगावर पालथा घाला. खाली धुतलेली चादर. आणि भाई, आपका पेचकस दीजिए."

"गुरुजी, तुम्ही?" प्रसन्न म्हणाला.

"लॉकडाउनमध्ये पाठशाळेचा टीव्ही बिघडला होता. मुलांचे पाठ त्याच्यावर चालायचे आणि मिस्त्री तर कुणीच येत नव्हते. मग उघडला. पहिल्यांदा चार दिवस लागले," गुरुजी म्हणाले. "तेव्हापासून रामघाटावर अकरा झाले."

पेचकस घेऊन त्यांनी स्क्रू काढायला सुरुवात केली आणि वर्माला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा मंत्र म्हणतोय. नीट ऐकल्यावर कळलं की ते स्क्रूच म्हणत होते. "वरचा डावा लांब, त्याखाली आखूड. आखूड, त्याखाली काळा. काळा, त्याच्या उजवीकडे वॉशरवाला..." प्रत्येक नवा स्क्रू मागच्याचा हात धरून येत होता. काढलेले स्क्रू हळदीकुंकवाच्या पंचपाळ्यात एकत्रच पडत होते, गुरुजी वेगळं काही ठेवत नव्हते.

"सब मिक्स कर दिया," वर्मा प्रसन्नच्या कानात म्हणाला. "अब भगवान ही लगाएँगे."

एकोणीस स्क्रू झाले होते. निवेदिता दारात आली. "गुरुजी, चहा टाकू का?"

गुरुजी थांबले. त्यांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं, "वरचा डावा लांब, त्याखाली आखूड..." मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं, एकोणीसच्या एकोणीस. विसाव्यावर आले तेव्हाच हात पुन्हा हलला. निवेदिता चवड्यांवर मागे सरकली. पाच मिनिटांनी खाली भाजीवाल्यानं हाळी दिली तेव्हा खिडकीशी धावून "अरे चुप रहो भैया, यहाँ पाठ चल रहा है!" असं सांगणारा वर्माच होता.

सत्ताविसावा स्क्रू निघाला. मागचं झाकण उतरलं. आता खरी परीक्षा होती. दिव्यांच्या पट्ट्या पडद्याच्या काचेमागे होत्या आणि काच पापडासारखी पातळ. तिला खाली चिकटलेल्या रिबिनीसारख्या वायरी इतक्या नाजूक की एक दुमडली तर वर्माचा निकाल खरा ठरला असता. टीव्ही अलगद उताणा केला, कडा सोडवल्या, आणि चार जण चार कोपऱ्यांवर उभे राहिले.

"मी 'नारायण' म्हणेन तेव्हा उचलायचं," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांनी एका पातळीत. आणि ठेवा म्हणेपर्यंत कुणी हात नाही सोडायचा. काही झालं तरी."

"नारायण!"

काच उचलली गेली. आणि त्याच वेळी हॉलच्या खिडकीत माकड येऊन बसलं.

खिडकी वर्मानंच उघडी टाकली होती, मघाशी भाजीवाल्याला गप्प करताना. तिच्या लगेच आत चौरंग होता आणि चौरंगाला बांधलेले केळीचे खांब, समोर ताटात डझनभर केळी, शिऱ्याचं पातेलं. माकडानं खोलीवर एक नजर फिरवली. चार माणसं आठ हातांनी एक काच धरून पुतळ्यासारखी उभी होती. इतकं सोयीचं घर त्यानं काशीत दुसरं पाहिलं नसावं. ते खाली उतरलं, चौरंगापाशी ऐसपैस बसलं आणि केळ सोलू लागलं.

"हट्!" प्रसन्न म्हणाला.

माकडानं त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरं केळ घेतलं.

"अहो, शिरा!" निवेदिता कळवळली.

"हात नाही सोडायचा," गुरुजी म्हणाले. "विसर्जन झालंय. खाऊ दे."

हालचालीचा आवाज ऐकून आबा काठी टेकत दारात आले. त्यांना चौरंगापाशी कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसलं, तेही कडेकडेनं. ते हात जोडून म्हणाले, "या, या. बसा सावकाश. प्रसाद मिळाला का?"

प्रसन्नच्या हातातली काच थरथरू लागली. हसू त्याच्या पोटातून दंडापर्यंत आलं होतं. "साहब, हिलिए मत," वर्मा दातांत ओठ धरून म्हणाला, पण त्याचाही कोपरा हलत होता. निवेदितानं डोळे घट्ट मिटून घेतले. चौघांत एकटे गुरुजी स्थिर होते. त्यांचे हात असे होते की काचेवर पाण्यानं भरलेली पळी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. अर्धा पाऊल, आणखी अर्धा पाऊल, असं त्यांनी तिघांना गाद्या घातलेल्या दुसऱ्या पलंगापर्यंत नेलं. "आता ठेवा."

काच टेकली. प्रसन्न खिडकीकडे धावला. माकड आठ केळी संपवून, नववं काखेत घेऊन, आबांचा निरोप घेतल्यासारखं एकदा मागे बघून निघून गेलं. शिऱ्याला त्यानं हात लावला नव्हता.

"आणि घ्या की थोडं," आबा म्हणाले.

पुढचं काम भराभर झालं. आत तीन पट्ट्या होत्या, एकेकीवर आठ दिवे. "हे सगळे एका माळेतले," गुरुजींनी सांगितलं. "एक विझला की पुढे कुणालाच काही पोचत नाही." वर्माच्या मीटरनं एकेक दिवा तपासत त्यांनी मधल्या पट्टीवरच्या सहाव्यावर बोट ठेवलं. त्याच्या पोटात तिळाएवढा काळा डाग होता. वर्माच्या पिशवीत जुन्या टीव्हीची एक पट्टी निघाली. तिच्यातला एक दिवा काढून इथे सोल्डरिंगनं जोडायचं काम मात्र गुरुजींनी त्याच्याकडे दिलं. "हे आपण करा. आपला हात माझ्यापेक्षा चांगला आहे यात." हे मराठी वर्माला अर्धंच कळलं, पण त्यानं पान थुंकून, हात धुऊन, नमस्कार करून मगच सोल्डरिंगची कांडी उचलली.

नवा दिवा बसला. तिन्ही पट्ट्या एकदम पेटल्या, आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

सव्वातीन वाजले होते. काच परत गेली. यावेळी खिडकी बंद होती. मग गुरुजींनी पंचपाळं पुढे ओढलं, डोळे मिटले आणि उलट्या टोकापासून म्हणायला लागले. शेवटचा स्क्रू पहिला, त्याच्या आधीचा नंतर. त्या ढिगातून त्यांची बोटं नेमका तो उचलत होती, आणि वर्मा पेचकस हातात घेऊन पाठ ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा बसला होता. "...काळा, त्याच्या वर आखूड. आखूड, त्याच्या वर डावा लांब."

पंचपाळं रिकामं झालं. वर्मानं ते उचललं, उलटं केलं, हलवून पाहिलं.

"बीस साल से काम कर रहा हूँ साहब," तो प्रसन्नला म्हणाला. "हर बार दो-तीन पेंच बच जाते हैं. मैं समझता था कंपनी ज़्यादा देती है." आणि तो गुरुजींच्या पायाशी वाकला.

चारला पाच मिनिटं असताना टीव्ही भिंतीवर होता आणि आबा त्याच्यापुढे हातभर अंतरावर. सामना सुरू झाला. पहिल्या डावात इरावती आलीच नाही. दुसऱ्या डावात, शेवटच्या तुकडीत, संघ अडचणीत असताना ती उतरली. आबांनी मान तिरकी केली. ती पळत होती. साखळीतून आत, बाहेर, खांबाला वळसा, पुन्हा आत. तीस सेकंद, एक मिनिट. "हुलकावणी दे! दे!" आबा खुर्चीच्या हातांवर ताल धरत होते. एक मिनिट पन्नास सेकंदांनी ती बाद झाली, पण तोवर जे टिकवायचं ते टिकलं होतं. संघ एका गुणानं जिंकला. निवेदिता रडत होती. वर्मा, ज्यानं आयुष्यात खो-खो पाहिला नव्हता, तोही टाळ्या वाजवत होता.

वीस मिनिटांनी इरावतीचा फोन आला. "आबा, दिसले का मी?"

"दिसलीस," आबा म्हणाले. "खांबापाशी वळताना डावा पाय अजून उशिरा टाकतेस."

पलीकडून तिचा चिरका आवाज आला, "आबा! खरंच दिसलं तुम्हाला!"

आबांनी फोन सुनेकडे दिला आणि तोंड पंच्यानं पुसलं. मग म्हणाले, "गुरुजी, इकडे या. मला तुम्हाला नीट बघू दे." गुरुजी पुढे गेले. आबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले. गुरुजी लाजले. त्यांनी निघायची तयारी म्हणून पिशवी उचलली आणि पूजेआधी आवाज बंद करून ठेवलेला फोन बाहेर काढला.

त्यांचा चेहरा उतरला. सतरा मिस्ड कॉल.

"तीन वाजता शिंदे घाटावर दत्तात्रेयरावांकडे रुद्राभिषेक होता," ते पुटपुटले. "आता साडेपाच झाले."

तेवढ्यात अठरावा आला. दत्तात्रेयराव इतक्या मोठ्यानं बोलत होते की खोलीभर ऐकू येत होतं. "गुरुजी! तीन वाजल्यापासून ओलं सोवळं नेसून बसलोय मी. ते वाळलंसुद्धा! कुठे आहात आपण? तब्येत तर ठीक आहे ना?"

प्रसन्न खुणा करू लागला, काहीही सांगा, रस्ता बंद होता म्हणा. गुरुजींनी मान हलवली. खोटं बोलायचं त्यांना जमायचं नाही.

"तब्येत ठीक आहे," ते म्हणाले. "मी विसरलो."

"काय?"

"विसरलो दत्तात्रेयराव. माफ करा. साफ विसरून गेलो."

प्रसन्नला वाटलं, आता हे फोन आपटणार. मग ऐकू आलं ते फोनपासून तोंड लांब नेऊन, आतल्या खोलीकडे दिलेली आरोळी. "शरदिनी! अगं शरदिनी, ऐकलंस का? रत्नाकर गुरुजी विसरले! हो, हो, स्वतः म्हणतायत! आणि मला रोज विसराळू म्हणून ऐकवतेस काय ग!"

पुन्हा फोन तोंडाशी आला तेव्हा त्या आवाजात राग औषधालाही नव्हता.

"सावकाश या गुरुजी, काही घाई नाही. अभिषेक सात वाजता झाला तरी चालेल. फक्त आलात की आधी हिच्यासमोर ते वाक्य एकदा परत म्हणा."