खाली सरकलेली जागा

आपल्या संघातली सगळ्यांत भरवशाची मुलगी अठरा वर्षांची झाली हे कळलं, तेव्हा कोचबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटकन बसल्या. गॅसवरचं दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळायला लागलं, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांच्या यजमानांनी येऊन गॅस बंद केला. यजमान ग्रंथपाल होते. अंगाने काडी, आवाजाने कुजबुज, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरणारे.

"काय झालं गं?"

"खांब अठराची झाली."

"मग चांगलंच की. शुभेच्छा द्यायच्या."

"शुभेच्छा कसल्या देताय? आख्खा संघ बुडाला तिच्या वाढदिवसात."

कोचबाईंच्या चिअरलीडिंगच्या संघात मुली एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरा करायच्या, तेव्हा सगळ्यांत खाली जी पाय रोवून उभी असायची ती खांब. तिचं खरं नाव तिच्या आईशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. हा संघ गेली कित्येक वर्षं देशाच्या अंतिम स्पर्धेला जायची स्वप्नं बघत होता आणि दरवर्षी केसाएवढ्या फरकाने जागा हुकत होती. यंदा मुली तयार होत्या. यंदा नाही तर कधीच नाही, कारण शाळा संपली की निम्म्या जणी चार दिशांना पांगणार होत्या. आणि नेमक्या पात्रता फेरीच्या आदल्या आठवड्यात खांबाने वयाची रेषा ओलांडली. एक मुलगी मोठी झाली की आख्खा संघ मोठ्यांच्या, म्हणजे खुल्या गटात, असा नियम. खांबाला वगळावं हा विचार कोचबाईंच्या मनात क्षणभर येऊन गेला, नाही असं नाही. पण खांब काढल्यावर छप्पर कुठे ठेवायचं?

त्यांनी संघटनेच्या सचिवांना फोन लावला. सचिव फार गोड बोलायचे. बातमी जितकी वाईट तितका आवाज मऊ. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी लोण्यासारखा लागला, तेव्हाच कोचबाईंनी पुन्हा स्टूल जवळ ओढलं.

"त्याचं असं आहे बाई, खुल्या गटात यायला काहीच हरकत नाही. फक्त त्या गटात तुम्ही धरून दोनच संघ आहेत."

"मग बरंच आहे. एकालाच हरवायचंय."

"हरवा की. पण जागा तीन संघांमागे एक असते. दोन संघांना दोन-तृतीयांश जागा येते, आणि तेवढ्या जागेवर कुणाला उभं करता येत नाही. तुम्ही पहिल्या आलात तर ढाल मिळेल, फोटो निघेल. अंतिम स्पर्धेला मात्र कुणीच जाणार नाही."

त्यानंतर कोचबाईंनी तिसऱ्या संघासाठी गाव पालथं घातलं. व्यायामशाळेतल्या बायकांना वेळ नव्हता. अग्निशमन दलातल्या लोकांना उचलायची हौस होती, पण नाचताना हातात रंगीत गोंडे धरायची लाज वाटत होती. नृत्यवर्गाच्या बाईंनी, "म्हणजे एकमेकींच्या अंगावर चढायचं?" एवढंच विचारून फोन ठेवून दिला. कोचबाई रात्री जेवायला बसल्या आणि घास हातात धरून भिंतीकडे बघत राहिल्या.

"पालक रोज सरावाच्या हॉलबाहेर बाकांवर बसून असतातच," ग्रंथपाल म्हणाले. कुणाला पुस्तकाचं कपाट दाखवावं तितक्या सहजपणे त्यांनी ते सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी पालकांना गोळा केलं. जिंकायचं नाही, फक्त मोजणीला उभं राहायचं, थोड्या टाळ्या, थोड्या उड्या आणि एकाला खांद्यांवर उचलून धरायचं, की संघ झाला. मुलींसाठी म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. खांबाची आई टपालात पार्सलं उचलायची, तिला तर यात काही विशेषच वाटलं नाही. एक दंतवैद्य होते. एक जोडपं होतं, ज्यांचं आपसांत बोलणं बंद होतं, म्हणून त्यांना दोन टोकांना उभं केलं. तयारी अशी सगळी झाली आणि मग लक्षात आलं की उचलणारे सगळे आहेत, उचलून घेणारं कुणीच नाही. पालक मंडळी एकजात खात्यापित्या घरची.

तेवढ्यात ग्रंथपाल बायकोची विसरलेली छत्री द्यायला हॉलमध्ये आले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

"अहो," कोचबाई म्हणाल्या, "तुमचं वजन किती?"

"का?" ग्रंथपाल म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले. पण दार खांबाच्या आईने अडवलं होतं.

पहिल्यांदा वर उचललं तेव्हा त्यांनी दंतवैद्यांचे केस घट्ट पकडले. दंतवैद्यांकडे केसांची मुळात टंचाई, त्यामुळे दोघेही ओरडले. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि खाली आणल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत. खांबाची आई त्यांना समजावत होती की आजवर माझ्या हातून एकही पार्सल पडलेलं नाही. कोचबाई हे सगळं बघत होत्या आणि हा जन्म आपल्याला नेमका कशाबद्दल मिळाला असावा याचा विचार करत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी पालकांचा संघ पहिला उतरला. सगळ्यांच्या टाळ्या एका वेळी पडल्या नाहीत, उड्या जमिनीपासून फारशा लांब गेल्या नाहीत. पण ग्रंथपाल वर गेले, थरथरत उभे राहिले, हात पसरले आणि सुखरूप खाली आले. लोक हसले, मग मनापासून टाळ्या वाजल्या. संघ मोजला गेला. कोचबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत दुसरा संघ उतरला. हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबचा. त्यांच्या प्रशिक्षकांना सगळे शिट्टीवाले सर म्हणायचे. त्यांच्या पोरींनी मॅटवर पाय टेकवले की नाही हेसुद्धा समजेना, इतक्या त्या हवेतच होत्या. पडद्यामागे मुली रांगेत उभ्या होत्या. कोचबाई खांबाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या मनोऱ्याला वरच्या मुलीला एका हातावर घे."

"बाई, आपण नाव दिलंय त्या पातळीला चालतं ते?"

"मागे आधाराला कुणी उभं असलं की चालतं."

मुलींनी जिवाचं रान केलं. शेवटी खांबाने एका हातावर वरच्या मुलीला असं काही धरलं की सभागृह उभं राहिलं. कोचबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत असताना शिट्टीवाले सर हसत जवळ आले आणि अभिनंदन करून म्हणाले की आमच्या पोरींना जागा मागच्याच महिन्यात दुसऱ्या विभागातून मिळाली आहे, इथे आम्ही नुसते सरावाला आलो.

"म्हणजे तुम्ही पहिले आलात तर?"

"तर जागा खाली सरकेल. दुसऱ्याला मिळेल. तुम्हाला हे सचिवांनी सांगितलं नाही?"

सचिवांनी सांगितलं नव्हतं. कोचबाईंनी विचारलं नव्हतं. म्हणजे नुसतं दुसरं यायचं होतं, आणि तिसरा संघ तर त्यांच्याच यजमानांचा. मुली झोपेत नाचल्या असत्या तरी चाललं असतं. काही का असेना, झालं ते झालं, असं म्हणत त्या निकाल ऐकायला उभ्या राहिल्या. पहिला क्रमांक शिट्टीवाल्या सरांच्या संघाचा. दुसरा क्रमांक पालकांचा.

कोचबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्या धावत सचिवांकडे गेल्या. सचिवांनी त्यांना आधी खुर्ची दिली, त्यावरूनच त्या काय ते समजल्या. एका हातावरची उचल या पातळीला चालत नाही. मागे आधार असला की चालायची, पण ते मागच्या वर्षीपर्यंत. आता त्या भागाचे सगळे गुण गेले, वर दंड बसला. पालकांनी मात्र फारसं काही केलंच नव्हतं, त्यामुळे चुकायला काही उरलं नव्हतं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," कोचबाई पुटपुटल्या. मग त्यांना एकदम सुचलं. "पालक जागा सोडून देतील. म्हणजे ती अजून एक पायरी खाली सरकेल. आमच्या मुलींना मिळेल."

सचिवांचा आवाज पुन्हा लोणी झाला. "त्याचं असं आहे बाई, जागा नाकारली की तो संघ खऱ्या इच्छेने उतरलाच नव्हता असं धरतात. मग तो मोजणीतून जातो. म्हणजे गटात राहिले दोन संघ."

"आणि दोन संघांना..."

"दोन-तृतीयांश."

परतीच्या बसमध्ये मुली आणि पालक एकत्रच होते. कोचबाईंनी पुढे उभं राहून, दांडी धरून, सगळं सांगितलं. एका हाताची चूक माझी, मुलींची नाही, हेही सांगितलं. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मुली खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि वरची मुलगी ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. थोड्या वेळाने खांबाची आई म्हणाली, "आपण पोरींसाठी उभं राहिलो होतो. त्या जाणार नसतील तर आपणही नको." दंतवैद्यांनी मान हलवली. न बोलणारं जोडपंसुद्धा एकमेकांकडे बघून "नकोच" म्हणालं. विषय मिटला असं कोचबाईंना वाटलं. रडायचं ते घरी जाऊन, अशा विचाराने त्या खाली बसल्या.

"मला जायचंय," मागून कुजबुज आली.

सगळ्या बसने मागे वळून पाहिलं. ग्रंथपाल शेवटच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसले होते.

"अहो, काय बोलताय?"

"मला शाळेत कुणी कधी संघात घेतलं नाही," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंची मुलं वाटून झाली की मी उरायचो. मग मला कपडे सांभाळायला बसवायचे. आज मी वर होतो आणि तुम्ही सगळ्यांनी मला धरलं होतं. मला पोरींचं वाईट वाटतंय. पण मला जायचंय."

एवढं लांब बोलणं कोचबाईंनी त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. मग खांब आपल्या जागेवरून उठली, मागे गेली आणि ग्रंथपालांच्या शेजारी जाऊन बसली. तिचेही डोळे लाल होते.

"काका, तुमचे गुडघे वाकतात," ती म्हणाली. "ते आधी सरळ करावे लागतील. आणि आई, तू श्वास धरून ठेवतेस. तसं नाही करायचं."

"तू शिकवशील?" तिच्या आईने विचारलं.

"मग काय करू? तुम्ही असेच गेलात तर आमचीच लाज जाईल."

वरच्या मुलीने ओढणी बाजूला केली आणि नाक ओढत सांगितलं की टाळ्यासुद्धा भयंकर होत्या. मग एकेक करून सगळ्याच जणी पालकांच्या चुका सांगायला लागल्या. यादी फार लांब होती. बस क्लबच्या दारात थांबली तरी ती संपली नव्हती.

कोचबाईंना रात्रभर झोप लागली नाही. ज्या मुलींना न्यायचं होतं त्या राहिल्या, आणि ज्यांना नुसतं मोजायला आणलं होतं त्यांना घेऊन जायचं. तेही पूर्ण देशासमोर. पहाटे त्या उठल्या, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. स्वयंपाकघराच्या दारात ग्रंथपाल बनियनवर, चौकटीला एक बोट टेकवून, एका पायावर उभे होते. घामाने डबडबलेले, तोंडाने हळूहळू आकडे मोजत.

कोचबाई बराच वेळ बघत राहिल्या. रडावं की हसावं हे त्यांना ठरवता येईना.

"पाठ सरळ," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.