बोरसे सरांचा आयन

बोरसे सरांना कोणी "कसं काय?" विचारलं, तर ते स्वतःचं काही सांगत नाहीत. "बसलाय अजून," म्हणतात आणि पुढे निघतात. नव्या माणसाला वाटतं, सासुरवाडीचा कोणी पाहुणा ठिय्या देऊन बसलाय. सरांचं लग्नच झालेलं नाही. बसलाय तो आयन.

म्हणजे कॅल्शियमचा एकच अणू, एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला. आमच्या सुरतच्या कॉलेजात एका निर्वात डब्यात, चार दांड्यांच्या मधोमध, तो विजेच्या जोरावर अधांतरी असतो. निळा लेझर त्याला गार ठेवतो, म्हणून तो टिकतो आणि चमकतो. लेझरचा रंग केसभर इकडेतिकडे करायचा आणि कुठल्या रंगाला तो किती चमकतो ते टिपायचं, एवढंच आमचं काम. पडद्यावर दिसतो फक्त एक ठिपका. या ठिपक्यापायी माझे केस पिकले. लेझर बंद पडला की आयन तापतो आणि निघून जातो, मग पुन्हा पहिल्यापासून.

लॅबमध्ये चपला बाहेर, शिंक व्हरांड्यात. दार जरा जोरात लोटलं की, "हळू, देसले मॅडम, तो आहे आत." एकदा विभागप्रमुख पाहुणे घेऊन आले आणि कशावर तरी खो-खो हसले. सरांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. "हसून या," म्हणाले. त्याचं उट्टं प्रमुखांनी माझ्यावर काढलं, तो भाग वेगळा.

"सर," मी म्हणायची, "गेला तर गेला. सगळे आयन सारखेच, तिळाचाही फरक नाही. दुसरा पकडू."

"हा ओळखीचा झालाय," सर म्हणायचे. वर "घाई कोणाला आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घाई मला होती. मला घरी जाऊन भाकरी टाकायच्या असायच्या.

या ओळखीचं मूळ मला उशिरा कळलं. सरांचे वडील, आबा, धुळ्याकडून इथे सुरतेत, उधन्याला आले आणि उभी हयात मागावर राबले. मागाच्या खडखडाटानं कान गेले. आता डिंडोलीला धाकट्या मुलाकडे असतात. थोरला शिकून प्रोफेसर झाला आणि बापलेकांत बोलण्यासारखं काही उरलंच नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. जेवलास का, जेवलो, तब्येत, बरी. संपलं.

मग सरांनी एकदा सहज आयनचं सांगितलं. तेव्हापासून आबा रोज विचारतात, "बठेल शे का?" म्हणजे बसलाय का, आणि सर व्हरांड्यात जाऊन ओरडून उत्तर देतात. काल तो जरा डळमळत होता, आज बरा आहे. फोन लांबत जातो. मी आरसे सरळ करता करता ऐकत असते.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं की आबांना आणतो," सर मला म्हणाले. "हाच दाखवायचाय. तोवर टिकला पाहिजे, मॅडम." मग काय, सुट्ट्या विसरले मी.

दसऱ्याला अख्खं सुरत फाफडा-जलेबीच्या रांगेत होतं आणि मी लॅबमध्ये. आबा आले. धुवट धोतर, नवा चष्मा, हातात नारळ आणि झेंडूचा हार. मला म्हणाले, "पोरी, बरी शे ना?" आणि टेबलाला लांबूनच नमस्कार केला. सर त्यांच्यासाठी खुर्ची आणायला शेजारच्या खोलीत गेले. ठिपका स्वच्छ दिसावा म्हणून मी पडद्याशी खटपट करत होते. पाठीमागे खट् झालं.

आबांनी लेझरची किल्ली फिरवली होती. ठिपका गेला.

"आबा, हे काय केलंत?"

"चालू मशीनले हार घालस का कोनी?" आबा म्हणाले. खरंच, मागावरचा माणूस दसऱ्याला आधी मशीन थांबवतो, मग हळदकुंकू, मग हार. ते शांतपणे लेझरच्या डब्याला झेंडू वाहत होते. हार वाहून झाल्यावर पडद्याकडे वळले. "कथा शे तो?" म्हणजे कुठे आहे तो.

खुर्ची घेऊन सर दारात उभे होते. त्यांनी किल्ली पाहिली, काळा पडदा पाहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. वडिलांच्या कानाशी वाकून ते मोठ्यानं म्हणाले, "त्याले बी सुट्टी दिधी, आबा. दसरा शे ना."

आबांना ते अगदी पटलं. "बरं कयं. मी सकाय येसू मंग," म्हणाले, म्हणजे उद्या येतो. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. सरांनी हात धरून त्यांना रिक्षापर्यंत नेलं.

मला वाटलं, आता हा माणूस डोकं धरून बसणार. मी मुकाट्यानं कॅल्शियमची भट्टी तापवायला घेतली. "आत्ता लागलो तर सकाळपर्यंत दुसरा पकडू, सर."

सर आबांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"सावकाश होऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "उद्या नाही दिसला, तर आबा परवाही येतील."

मी भट्टी बंद केली.