देवतळे काकांची मराठी बदकं

आमच्या शेजारचे देवतळे काका अंड्यांना पेपर वाचून दाखवतात, हे त्यांच्या सुनेनं मला कुंपणापलीकडून सांगितलं तेव्हा मी ‘असं का’ म्हटलं आणि कपडे वाळत घालत राहिले. काकांच्या बाबतीत एकदम चकित व्हायचं नाही, हे मी इतक्या वर्षांच्या शेजारात शिकले आहे. आपण चकित झालो की ते समजावून सांगायला बसतात, आणि त्यांनी समजावून सांगितल्यावर आपल्याला आधी जेवढं कळलेलं असतं तेवढंही उरत नाही.

काका रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून केली. पुढे कोळशाच्या वाघिणी, त्यांच्याही पुढे कुठेतरी ड्रायव्हर, आणि मागे नुसते रूळ. त्या काळात जे बोलायचं राहून गेलं ते सगळं ते आता बोलून काढत आहेत, असं माझं मत आहे. त्यातला मोठा वाटा माझ्याकडे येतो, कारण आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. रायपुरात जन्म काढला तरी काकांची बोली नागपूरच्या इकडे एक स्टेशनही सरकलेली नाही. माझ्या बोलण्यात हिंदी शब्द आला की ते बोट वर करतात. दिवसभर शंकर नगरच्या विम्याच्या ऑफिसात हिंदीत डोकं शिजवून आलेल्या माणसाला ते बोट फार लागतं.

गार्डकी मात्र सुटलेली नाही. मुलगा नितीन भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला आहे. सकाळी त्यानं स्कूटर काढली की काका फाटकात उभे राहतात, दोन्ही बाजूंना बघतात आणि हिरवी झेंडी दाखवतात. झेंडी मिळाल्याशिवाय नितीन निघत नाही. एकदा काका अंघोळीला गेलेले असताना तो खोळंबून उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे.

तर अंडी. ही सून, हेमलता, धमतरीकडची, छत्तीसगडी. माहेरी मासळी, अंडी सगळं चालायचं. देवतळ्यांकडे अंड्याचं टरफलसुद्धा फाटकाच्या आत येत नसे, म्हणून लग्नानंतर बिचारीनं सगळं सोडलं. आणि एके दिवशी काका बाजारातून बदकाची डझनभर अंडी घेऊन आले. अभनपूरकडच्या कुठल्याशा खेड्याच्या बाजारातून, बसमध्ये मांडीवर धरून. हेमलता मला म्हणाली, “दीदी, बाबूजी अंडे लाए हैं.” सासऱ्यानं दुसरी बायको करून आणावी, तसा तिचा आवाज होता.

अंडी खायला आणलेली नाहीत हे लवकरच उघड झालं. काकांनी थर्मोकोलचं एक खोकं मिळवलं, त्याला समोरून काच बसवली. त्यात पिवळा बल्ब लावला, ऑनलाइन मागवलेला एक आकडे दाखवणारा यंत्रतुकडा बसवला, ऊब कमी झाली की तो बल्ब लावायचा आणि वाढली की विझवायचा. हवा कोरडी पडू नये म्हणून ओला स्पंज ठेवला. आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला ‘अप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डाऊन’ असं लिहिलं.

“हे काय?” मी विचारलं.

“फिरवावं लागते ना व अंडं. नाही तं आतलं पिल्लू चिकटून जाते एका बाजूले. सकाळी अप, संध्याकाळी डाऊन. घोळ नाही पाहिजे.”

पण बदकं कशाला, या प्रश्नाचं उत्तर मला मिळेना. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं की बदकं डास खातात. नितीनला म्हणाले, टाइमपास. समोरच्या मिश्राजींना म्हणाले की गुडघ्यांना चांगलं असतं. मिश्राजी घरी जाऊन बराच वेळ विचार करत होते की बदक गुडघ्याला नेमकं लावायचं कसं, आणि शेवटी ते मलाच विचारायला आले. मी काय सांगणार कपाळ. तोवर लाईट गेली की काकांच्या घरात पंखे बंद आणि खोक्यातला बल्ब चालू, असा इन्व्हर्टरचा नवा नियम झाला होता. नितीन बनियनवर ओट्यावर बसून वारा घेताना दिसायचा.

आणि त्यावर हा पेपर. नागपूरचा मराठी पेपर आमच्याकडे शिळा होऊन पोचतो, तो काका खोक्याच्या काचेला तोंड लावून मोठ्यानं वाचत. पेपर संपला की स्टेशनं. “कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर.” मी विचारलं तर म्हणाले, “आपण कुठून आलो ते माहीत नको त्याइले?” मला तर वाटत होतं की ती अभनपूरकडच्या तळ्यावरून आली आहेत. पण म्हटलं, जाऊ दे. वाचन झालं की शेवटी काका आवाज बारीक करून हाक मारत, “या रे पोट्ट्याहो, या.” खोक्यातून अर्थातच कोणी येत नसे.

मला राहवेना. एका रविवारी मी खोक्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “काका, आज मला खरं सांगा. डास आणि गुडघे सोडून.”

काकांनी खोली अंधारी केली, एक अंडं उचललं आणि त्याच्या बुडाशी टॉर्च धरला. आत तांबूस उजेडात बारीक बारीक शिरा दिसत होत्या, आणि मधला काळा ठिपका चक्क हलला.

“बदकाचं पिल्लू आतूनच ऐकते,” काका म्हणाले. “मोबाइलवर पाहिलं मी. शेवटी शेवटी मायचा आवाज ओळखून घेते. अन् बाहेर आलं की त्याच आवाजामागं जाते. जिकडं आवाज, तिकडं ते.”

“म्हणून तुम्ही बोलता?”

“मी मराठीत बोलतो.”

त्यांनी अंडं जपून जागेवर ठेवलं, अप की डाऊन ते पाहून घेतलं, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले. “घरात सगळे चांगले आहेत, मीना. सून तं देवमाणूस आहे. मी ‘पाणी दे व’ म्हटलं की पाणी येते, पण त्याच्यासंग ‘जी बाबूजी’ येते. नितीनही हिंदीतच बोलते, सवय झाली त्याले. तुही काकू होती तोवर दिवसातून पन्नास वेळा भांडत होतो आम्ही, पण आपल्या बोलीत. आता हाक मारली तं आपल्या बोलीतलं कोणी येतच नाही. एक तरी यावं ना या घरात. बदक तं बदक.”

हसावं की रडावं हे कळलं नाही की मी चहा मागते, तसा मागितला.

त्यानंतर मीसुद्धा त्या अंड्यांची वाट बघू लागले. काही अंडी टॉर्चमध्ये नुसतीच पिवळी दिसली, ती काकांनी ‘गाडी कॅन्सल’ म्हणून बाजूला काढली. उरली सात. आणि ती ऐकायच्या बेताला आली, तेव्हाच काकांचा घसा बसला. इतके दिवस काचेला तोंड लावून बोलल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरांनी बोलणं एकदम बंद करायला सांगितलं, कुजबुजसुद्धा नको म्हणाले. काका माझ्या दारात आले, घशाकडे बोट दाखवलं, खोक्याच्या दिशेनं बोट दाखवलं, आणि मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नाही म्हणू शकले नाही.

अशी मी रोज ऑफिसातून येऊन, हातपाय धुऊन, सात अंड्यांशी बोलायला बसू लागले. तुम्ही कधी अंड्याशी बोलला आहात का? सुरुवात कशी करावी हेच कळत नाही. पहिल्या दिवशी मी “नमस्कार” म्हटलं. काका शेजारी दोन झेंड्या घेऊन बसले होते, त्यांनी हिरवी हलवली. मी पेपर वाचला. तो संपल्यावर ऑफिसातल्या गोष्टी सांगायला लागले, “आमचे साहेब आहेत ना, ते रोज नया बहाना काढतात.” लाल झेंडी. “नवीन कारण काढतात.” हिरवी. मग मी टोमॅटोबद्दल बोलले, माझ्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलले, गोल बाजारात घेतलेल्या कढईला पहिल्याच दिवशी पोचा कसा आला ते सांगितलं. हळूहळू मला त्याची चटक लागली. मधे न बोलता माझं सगळं ऐकून घेणारे मला आयुष्यात प्रथमच मिळाले होते. शेवटी काकांची ती हाक मी माझ्या आवाजात मारायची, “या रे पोट्ट्याहो, या.” काका मान हलवत.

हेमलता दारातून हे बघायची, आणि चहा ठेवून जायची.

एका सकाळी पहिल्या अंड्याला बारीक टवका उडाला. आत चोच हलत होती. मी म्हटलं, जरा नखानं सोलून देऊ का? तर काकांनी लाल झेंडी माझ्या नाकासमोर धरली. त्याचं त्यालाच बाहेर यायला हवं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सातही बाहेर आली आणि वाळून पिवळी झाली. काकांनी एका गोळ्याला तळहातावर घेतलं आणि त्याच्याकडे बघतच राहिले.

मग ती परीक्षा झाली. पिल्लं अंगणात मधोमध ठेवली. एका टोकाला काका बसले आणि दुसऱ्या टोकाला मी. डॉक्टरांची मनाई आता संपली होती, पण घशातून फाटक्या फुंकणीसारखा आवाज येत होता. काकांनी गुडघ्यांवर वाकून हाक मारली, “या रे पोट्ट्याहो.” पिल्लं जागीच. पुन्हा मारली. एकानं डोकं वर केलं आणि स्वतःचंच शेपूट चोचीनं साफ करायला घेतलं. मी तोंड गच्च मिटून बसले होते. खोकला येत होता तोही दाबला. मनात म्हणत होते, जा ना रे मेल्यांनो, त्यांच्याकडे जा.

तेवढ्यात हेमलतानं आतून विचारलं, “दीदी, शक्कर कितनी?”

“अर्धाच चमचा,” मी बोलून गेले.

सातही पिल्लं वळली आणि धडपडत, एकमेकांवर पडत माझ्या पायाशी आली. एक तर माझ्या चपलेवर चढून बसलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. पाय हलवायची चोरी. काका उठले, धोतर झटकलं, फाटक्या आवाजात “चांगली आहेत व, तब्येतीनं” म्हणाले आणि आत गेले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर काकांनी पिल्लांचं सगळं केलं, परातीत पाणी, बारीक कणी, रात्रीची ऊब, पण हाक मारली नाही. आवाज पूर्ण बरा झाला तरी नाही. नितीनला झेंडी दाखवायचे, तीही अर्धवटच. मी मुद्दाम हिंदी शब्द वापरून पाहिले. बोट वर झालं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

अडचण अशी झाली की मी दिवसभर ऑफिसात, आणि पिल्लं हेमलताच्या ‘आ आ’ला दाद देईनात. मिश्राजींच्या बागेत घुसली की तिथेच. एकदा हेमलता मला फाटकाशी थांबवून म्हणाली, “दीदी, आप क्या बोलके बुलाते हो? सिखा दो.”

मी शिकवलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, बरं जमलं. मी म्हटलं, तुला तर मराठी येतं की. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस घरात?

ती पदराशी चाळा करत राहिली. “शादी के बाद बोली थी. बाबूजी और अम्माजी बहुत हँसे. वो तो प्यार से ही हँसे होंगे. पर मुझे शरम आ गई. फिर नहीं बोली.” आणि मग म्हणाली, “बतख तो हँसते नहीं ना, दीदी.”

हे काकांना सांगावं की सांगू नये, यात माझे दोन दिवस गेले. काही ठरलं नाही. ठरवायची वेळही आली नाही.

परवा रविवारी दुपारी मी ओट्यावर मटार सोलत होते. काका त्यांच्या अंगणात खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. हेमलता हातात कणीचं ताट घेऊन दारात आली. काका झोपलेत असं तिला वाटलं असावं. तिनं हाक मारली, “या रे पोट्ट्याहो, या. जेवाले या.” ‘जेवाले’ मी शिकवलं नव्हतं. ते तिनं कधी, कोणाचं ऐकून ठेवलं होतं कोण जाणे. मिश्राजींच्या कुंपणाखालून सात बदकं रांगेनं निघाली. ती बोलतच होती, “लवकर लवकर चाला. काय करून राहिली तिकडं? ऊन किती झाली.” अर्धं बरोबर, अर्धं चूक.

काका खाटेवर उठून बसले होते. हेमलतानं वळून पाहिलं आणि ती ताट धरून तशीच उभी राहिली. काका हसले नाहीत. मी मटाराची शेंग हातात धरून बसले होते, आणि मला वाटलं की आता ही पुन्हा ‘जी बाबूजी’ म्हणणार.

ती घाबरत घाबरत म्हणाली, “बाबा, तुम्ही पण या. जेवाले.”

“ओ,” काका म्हणाले. चपला न घालताच उठले, आणि बदकांच्या मागून आत गेले.