लाल रेघ, निळी रेघ

दुपारची फेरी संपवून धैर्यशील इंगवले मंडपात आला, तेव्हा धैर्यशील इंगवले आधीच येऊन दहीभात खात बसला होता.

वृषालीने, म्हणजे दोघांच्याही बायकोने, आधी डब्याकडे पाहिलं. भात एकाच माणसापुरता आणलेला. मग तिने लॅपटॉपकडे पाहिलं. तिथेही फेरी एक आणि नोंदी दोन. यंत्र बिघडलं असेल असं म्हणायचीही सोय राहिली नाही, कारण यंत्र खरं तेच सांगत होतं.

कोल्हापूरजवळच्या माळावर दर महिन्याला हा ऑटोक्रॉसचा खेळ चाले. नारिंगी कोन मांडून वाट आखायची, एका वेळी एकाच गाडीने त्या वाटेने सुटायचं, कोन पाडायचा नाही आणि घड्याळाला हरवायचं. गाडीत एक डबी बसवलेली असते. ब्रेक कुठे दाबला, किती दाबला, स्टिअरिंग किती फिरलं, सगळं ती टिपून घेते. त्याला टेलिमेट्री म्हणतात आणि ती वाचायचं काम क्लबात वृषालीकडे होतं. चालकाने मंडपात कितीही बढाया मारल्या, तरी तिच्या पडद्यावर तो उघडा पडायचाच.

"अहो," तिने हाक मारली.

"काय गं?" दोघे एकदम म्हणाले.

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब कुंभोजकर आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि टोपी मांडीवर ठेवली. नियमावली उघडायची त्यांना गरज नव्हती, ती त्यांनीच लिहिली होती.

"वहिनी, घाबरायचं काय कारण न्हाई. हे हुतंय अधनंमधनं. मागं एका डॉक्टरांचं झालतं."

"मग काय केलंत तुम्ही?"

"त्यांच्या घरच्यांनी दोघांनाबी घ्यायला नकार दिला. ते सोडा. नियम असा हाय, एका सभासद क्रमांकावर माणूस एकच. दोघांची टेलिमेट्री शेजारी लावायची. ज्याचं तंत्र चांगलं, त्यानं घरी जायचं. उरलेला निपाणी शाखेला. तिथं चालकांची लई टंचाई हाय."

"वेळ बघून ठरवा की. तंत्र कशाला?"

"वेळ नशिबाचाबी असतोय. तंत्र माणसाचं असतंय."

तसाही दोघांचा वेळ सारखाच होता. वृषालीने शेवटचा मुद्दा काढला. "अण्णासाहेब, मी पत्नी आहे. नात्यातल्या माणसाची तपासणी मी कशी करायची?"

"दोघांच्याबी पत्नीच हाईसा की. पक्षपात करणार कुणाच्या बाजूनं?"

तिने भात खाणाऱ्याला लाल रेघ दिली, नंतर आलेल्याला निळी, आणि दोन्ही एकावर एक ठेवल्या. दोघे धैर्यशील तिच्या दोन खांद्यांमागे उभे राहिले. दोघांनाही घामाचा तोच वास होता.

लाल रेघ तिने क्षणात ओळखली. तिसऱ्या वळणाला ब्रेक केव्हाच सुरू झालेला. जरा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. थंडीत गार पाण्याची आंघोळ करणारा एकेक तांब्या भीत भीत अंगावर घेतो, तसा. कोनांच्या नागमोडी रांगेत स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलेलं आणि मग घाईने मागे आणलेलं. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला तोही उशिराच. वेळ भरून निघाला होता तो कोनांना घासून गाडी काढण्याच्या धाडसामुळे, आणि त्या धाडसाला तंत्र म्हणत नाहीत. हा तिचा नवरा होता, लग्न झाल्यापासूनचा.

निळ्या रेघेत ब्रेक उशिरा होता. एकदाच, ठाम, आणि मग वळणाच्या पोटापर्यंत हळूहळू सोडलेला. हात शांत. ब्रेक सुटतो न सुटतो तोच अ‍ॅक्सिलरेटर. अशी रेघ धैर्यशीलच्या हातून कधी निघाली नव्हती. पण ती वृषालीने पाहिलेली होती, कारण परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवरच्या धुळीत ती स्वतःच बोटाने काढून दाखवायची. "हे असं! एवढं साधं आहे!" म्हणायची. तो म्हणायचा, "तू चालव मग." ती म्हणायची, "चालवीनच." असं भांडत भांडत दोघे घराजवळच्या टपरीपर्यंत यायचे. तिथे एक चहा दोघांत घ्यायचे आणि मिटवायचे.

"तू सांगायचीस ते सगळं मी ऐकत होतो गं," लाल धैर्यशील म्हणाला. "पाय ऐकत नव्हता."

"माझ्या पायाने ऐकलं," निळा नम्रपणे म्हणाला. त्यात बढाई नव्हती. पडद्यावर दिसतच होतं.

लाल रेघेत वृषालीला आपला माणूस दिसत होता, आणि निळ्या रेघेत इतक्या वर्षांची आपली मेहनत. लाल चांगला आहे असं लिहिलं, तर तो खोटा अहवाल होणार होता, आणि खोटा अहवाल तिने आयुष्यात दिला नव्हता. नवऱ्यासाठी सुद्धा नाही. किंबहुना नवऱ्यासाठी तर मुळीच नाही. या बाबतीत तिचा नावलौकिक होता आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता.

"लिही," लाल धैर्यशील हळूच म्हणाला. "तुझं बरोबर होतं, हे कुणीतरी कागदावर आणायलाच पाहिजे."

तिने लिहिलं. निळा. अण्णासाहेबांनी सही केली आणि दोघांशी हस्तांदोलन केलं, एकाशी अभिनंदन म्हणून आणि दुसऱ्याशी निरोप म्हणून.

लाल धैर्यशीलने बाटलीतल्या पाण्याने डबा विसळून तिच्या पिशवीत ठेवला. निपाणीला कोन घेऊन जाणारा टेम्पो उभाच होता. तो चालकाशेजारी चढून बसला.

"जेवणाचं बघतील का हो तिकडे?" तिने अण्णासाहेबांना विचारलं.

"बघत्यात की. शाखेची खानावळ हाय."

टेम्पो सुटताना वृषाली पुढे झाली. नेहमीचंच तोंडातून गेलं. "तिसऱ्या वळणाला..."

"लवकर दाबला. माहितीय," तो म्हणाला, आणि हसला. तिलाही हसू आलं. टेम्पो माळ ओलांडून दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती.

मग ती निळ्या धैर्यशीलबरोबर घरी निघाली. हा तिचाच नवरा होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. चेहरा तोच, गुणगुणणं तेच, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी तीच. हायवेला लागल्यावर तिने सवयीने तोंड उघडलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. तिने ब्रेक जिथे दाबला असता तिथेच त्याने दाबला, दाबला असता तेवढाच. तिने तोंड मिटलं. पुढच्या फाट्यावर पुन्हा तसंच झालं. उड्डाणपुलाच्या उतारावरही. डॅशबोर्डवर धूळ होती, पण तिच्यात काढून दाखवण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. टपरी आली आणि गेली. भांडणच झालं नव्हतं, तर थांबायचं कशाला?

"गप्प का आहेस?" त्याने काळजीने विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"नाही ना," वृषाली म्हणाली, "काहीच चुकलं नाही." आणि तिला रडू कोसळलं.

त्याने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी अलगद बाजूला घेतली आणि रुमाल पुढे केला. गाडी थांबवायची जागाही त्याने अगदी योग्य निवडली होती.