झोपायची गाडी

न्यूट्रल

“दीपमाला, ध्येनात ठेव! वरीसभरात हॉटेलवाली माणसं माज्या दारात नोकरी मागाय उभी ऱ्हात्यात का न्हाई बघ!”

हे वाक्य माजी हवालदार उदयसिंह गाडीखालून बोलला. पाठीवर निजून, तोंडाला ग्रीस फासून. त्यामुळे भविष्यवाणी बाहेर येईपर्यंत तिच्यातली निम्मी हवा गेली. उरलेली बायकोनं काढली.

“आधी तुमी भायेर या. मुंगळ्यांची रांग तुमच्याच अंगानं निघालीया.”

उदयसिंहाची उभी जवानी फौजेच्या गाड्या हाकण्यात गेलेली. कडेगावला परतल्यावर सगळ्यांनी सांगितलं, ऊस लाव. त्यानं भंगारातून शाळेची एक जुनी गाडी आणली! बाकडी उपटली, पलंग ठोकला. शेगडी आली, हात धुवायला भांडं आलं, खिडक्यांना सूर्यफुलांचे पडदे आले. मग मोबाईलवर जाहिरात झळकली: ‘माणसांची कटकट नको! फक्त तुम्ही, आभाळ आणि आमची कॅम्पर व्हॅन!’

गावानं तिचं नाव ठेवलं ‘झोपायची गाडी’. पोरं विचारायची, “हवालदार, गाडी उठली का?”

दीपमालेचा भाऊ लालासाहेब मात्र हसत नव्हता. त्याची पोल्ट्री होती आणि पिल्लं न्यायला त्याला नेमकी असलीच गाडी हवी होती. शेवटी दीपमालेनं तोडगा काढला. “पयलं गिऱ्हाईक खुशीत गेलं, तर गाडी तुमची. तोंड वाकडं करून गेलं, तर लालाच्या कोंबड्यांची. कबूल?”

“कबूल!” उदयसिंह म्हणाला. सलाम ठोकूनच म्हणाला.

पहिला

पहिलं गिऱ्हाईक नाशिकचं निघालं. कुणाल आणि प्रियदर्शनी, नवरा-बायको. प्रियदर्शनी फिरायची आणि फिरल्याचं मोबाईलवर लिहायची. तिचं लिहिलेलं वाचून लोक म्हणे सामान बांधायला घेत!

“आम्हाला शांतता हवीय, काका,” ती म्हणाली. “तीन मुक्काम. कोयनेच्या पाण्याकाठी एक, ठोसेघरच्या रानात एक आणि जतच्या माळावर एक. कोणी भेटायला नको, कोणी बोलायला नको.”

“म्याडम, चिमणीसुद्धा इचारणार न्हाई!”

गाडी धुरळा उडवत गेली. आणि उदयसिंहानं ती चूक केली.

तसं पाहिलं तर चूक नव्हेच, शिस्त! फौजेत गाडी एका चौकीवरून सुटली की पुढच्या चौकीला वर्दी जाते. दरड कोसळली, टायर फुटला, तर पुढचा माणूस तयार असावा. ही सवय उदयसिंहाच्या हाडात मुरलेली. आणि चौक्यांची काय वाण? जिथं पाणी तिथं बहीण, जिथं घाट तिथं सासुरवाडी, जिथं माळ तिथं पलटणीतला दोस्त!

त्यानं पाटणकडं बहिणीला फोन लावला. “बनुअक्का, माजी गाडी तुज्या अंगानं जाणार हाय. आत पाहुणं हायती. नुसती नजर ठेव.”

“ठिवते की,” बनुबाई म्हणाली.

नजर ठेवायला तिनं दोन किलोमीटर अगोदरच माणूस उभा केला.

दुसरा

गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र उदयसिंहानं तिच्यात बसवलं होतं. मोबाईलच्या नकाशावर एक हिरवा ठिपका. तो भाकरी खाताना ठिपका बघायचा, दाढी करताना ठिपका बघायचा.

ठिपका पाण्याकाठी थांबला. वा!

ठिपका थांबलेलाच. वा वा!

ठिपका हलला. आं?

ठिपका पाण्यापासून निघून थेट बनुबाईच्या परड्यात शिरला आणि कुणालचा निरोप आला: ‘काका, तुमच्या बहीण आल्या आहेत. हात सोडत नाहीत.’

उदयसिंहानं फोन लावला. “अक्का! नजर ठेव म्हनलं हुतं!”

“ठिवलीच की! बघतीया तर सोन्यासारखी पोरगी डबड्यात भात शिजवतीया! माजं घर समोर असताना ती माणसं गाडीत झोपणार? उद्या गावात मी तोंड कुठं दावू रं?”

“अगं, त्यांनी गाडीत झोपायचंच भाडं दिलंय!”

बनुबाईचा आवाज चढला. “भाडं? आपल्या पाहुण्यांकडनं भाडं घेतलंस? आबा असतं तर तुला फोकानं फोडला असता!”

“अक्का…”

“ठेव फोन! पोरगी मटण खात न्हाई. तिला आख्खा मसूर टाकलाय, तो लागंल बुडाला.”

सकाळी बनुबाईनं प्रियदर्शनीची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. आणि गाडी साताऱ्याकडं चाललीच आहे म्हटल्यावर ठोसेघरच्या वाटेवरच्या आप्पासाहेबांना द्यायला तांदळाचं पोतं पलंगावर चढवलं. शेजारणीनं तिकडंच दिलेल्या लेकीसाठी पाळणा दिला. रिकामी गाडी पाहुण्यांच्या गावाला जाते आणि तिच्यातनं काहीच पाठवायचं नाही, हे आपल्याकडं पापच!

तिसरा

आता उदयसिंह सावध झाला. आप्पासाहेब दीपमालेचे चुलते. ठोसेघरच्या वाटेवर त्यांचं घर. ते गाडीपर्यंत पोचण्याआधीच त्यांना अडवायला हवं होतं.

“आप्पासाहेब, तुमच्याकडं गाडी येतीया. पर त्यांस्नी घरी बोलवू नगा. त्यांना एकटंच ऱ्हायाचंय.”

“एकटंच? का वं जावईबापू?”

“कुणाशी बोलायचंबी न्हाई त्यांना.”

“आस्सं!” आप्पासाहेबांचा आवाज एकदम गंभीर झाला. “जवान नवरा-बायको. घरदार सोडून रानात. कुणाशी बोलणं न्हाई. भांडण हाय म्हणा की!”

“भांडण न्हाई वं!”

“तुमी काळजी सोडा. आमी भावकीतलं इतकं तंटं मिटवलं, हे तर दोनच माणसांचं हाय.”

ठिपका रानात पोचला, जरा वेळ टिकला आणि आप्पासाहेबांच्या सोप्यापुढं येऊन उभा राहिला. तंटामुक्ती सुरू झाली! कुणालला सोप्यात बसवलं, प्रियदर्शनीला माजघरात. दोन्हीकडं चहा. दोन्हीकडं एकच सवाल: “काय झालं, मोकळेपणानं सांगा.”

“काही झालं नाही हो!” कुणाल म्हणाला.

“पयल्या कपाला सगळं असंच म्हणत्यात,” आप्पासाहेब म्हणाले. “दुसरा आणा गं!”

निकाल अर्धवट राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतःच गाडीत चढले. जतला त्यांना मेंढा बघायचा होताच. वाटेत पटका सोडून ते पलंगावर आडवे झाले आणि उतरवायच्या राहिलेल्या तांदळाच्या पोत्यावर पाय टाकून, घोरण्याच्या मधूनमधून, संसारावर बोलत राहिले.

प्रियदर्शनीचे निरोप यायचे थांबले. कुणालचा एकच आला: ‘काका, हे उतरतील ना?’

चौथा

इकडं लालासाहेब टेप घेऊन दारात हजर. “दाजी, गाडीची आतली उंची किती? पिंजरं सांगायचं हुतं.”

“लाला, माज्या डोळ्यासमोरनं जा!”

“बरं, रुंदी तरी सांगा!”

उदयसिंहानं शेवटची चौकी गाठली. जतचा धुळा. पलटणीतला दोस्त, आता मेंढरं राखतो. त्याच्याशी प्रेमानं बोलून उपयोग नव्हता. हुकूमच द्यायला हवा.

“धुळा, नीट ऐक! माळावर माजी गाडी येणार. तिच्याजवळ कुणीबी जायाचं न्हाई! तू न्हाई, तुजी म्हातारी न्हाई, कुत्रंसुद्धा न्हाई!”

“यस उस्ताद!”

झालं! इतका साधा उपाय पहिल्यांदाच का सुचला नाही, म्हणून उदयसिंहानं स्वतःच्याच कपाळावर चापट मारली. ठिपका माळावर थांबला. हलला नाही. दिवस कलला तरी हलला नाही. उदयसिंहानं दीपमालेला ठिपका दाखवला, शेजाऱ्याला दाखवला, लालासाहेबाला तर दोनदा दाखवला!

मग कुणालचा फोटो आला.

मधोमध गाडी. आणि तिच्याभोवती गोल करून, काठ्या उगारून उभे राहिलेले धनगर! धुळानं वाडीतली सगळी गडीमाणसं पहाऱ्याला लावली होती. हुकूम म्हणजे हुकूम! कोणी जवळ गेलं नव्हतं. वीस पावलांवरूनच सगळे डोळे फाडून गाडीकडं बघत होते. आप्पासाहेब आत घोरत होते. प्रियदर्शनी दार उघडायची आणि “हुश्शार!” ऐकून परत लावायची.

पहारा फोडला तो धुळाच्या आईनं. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन म्हातारी निघाली ती थेट गाडीकडं.

“अव्वा, थांब! उस्तादांचा हुकूम हाय!”

“तुज्या उस्तादाला जेवाय घातलंय मी!” म्हातारी गरजली आणि दार वाजवलं. “ऊट माड्री, ताई! जेवा, जेवा! भायेर या!”

त्या मुक्कामाला पाहुणे धुळाच्या वाड्यावर घोंगडी पांघरून झोपले. गाडीत कोण झोपलं ते सांगायला नकोच.

रिव्हर्स

गाडी कडेगावात शिरली तेव्हा निम्मी आळी जमली होती. दार उघडलं. आधी नारळ गडगडत खाली आले. मग पाळणा आला. त्याचा पत्ता भांडण मिटवण्याच्या भरात सगळेच विसरले होते. मग धुळानं उस्तादांना भेट पाठवलेलं कोकरू ओरडत उतरलं, मागोमाग पटका गुंडाळत आप्पासाहेब. शेवटी खणांचा ढीग छातीशी धरून प्रियदर्शनी.

तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. लालासाहेबानं टेप उघडली.

“काका,” ती म्हणाली, “गाडीबद्दल मी एक ओळही लिहू शकत नाही.”

उदयसिंहाचं तोंड पाखरांनी दाणे टिपलेल्या कणसासारखं झालं.

“म्याडम, चूक झाली. आमचीच माणसं…”

“नाही हो! मी गाडीत झोपलेच नाही, तर लिहू काय? झोपले आप्पासाहेब. त्यांना विचारा.”

“बरी हाय,” आप्पासाहेब म्हणाले. “धक्कं बसत्यात जरा.”

प्रियदर्शनी हसायला लागली. इतकी हसली, की खण खाली पडले. “नाशिकहून निघाल्यापासून आम्ही दोघं बोलत नव्हतो, काका. गाडी कुणी चालवायची यावरून वाजलं होतं. शांतता कसली, अबोला होता तो! मग आप्पासाहेबांनी आज सकाळी माळावर तिसरा चहा पाजला, तेव्हा कुणालनं कबूल केलं, की चूक त्याची होती.”

“आमी पयल्या फोनलाच म्हनलं हुतं!” आप्पासाहेबांनी मिशीला पीळ दिला.

दीपमालेनं खाली पडलेले खण गोळा करून तिच्या हातात दिले. मग भावाकडं वळून म्हणाली, “लाला, टेप मिट.”

हँडब्रेक

प्रियदर्शनीनं घरी गेल्यावर लिहिलं. भरभरून लिहिलं! उदयसिंहाचा फोन वाजायला लागला तो थांबेना.

“हॅलो, कॅम्पर व्हॅनवाले का? आम्हाला पाटणच्या बनुताईंकडं दोन दिवस राहायचंय. नाही नाही, गाडी नको, आमची आहे.”

“तो आख्खा मसूर जेवणात धरलाय का?”

“भांडण मिटवणारे आप्पासाहेब कधी मोकळे आहेत? सासूबाईंना घेऊन यायचं होतं.”

सगळी सूत्रं दीपमालेनं हातात घेतली. बनुअक्काला तिनं असं पटवलं, की भाडं नव्हे, पाहुण्यांनी जाताना पोरांच्या हातावर ठेवलेला खाऊ समजायचा. कडेगावचं स्वतःचं घरही तिनं पाहुण्यांना उघडलं. आधी पुढची खोली गेली, मग माडी गेली. दिवाळीच्या सुटीत न्हाणीघराशिवाय काही उरलं नाही. तेव्हा हवालदार आणि हवालदारीणबाई अंथरूण काखेत मारून, अंगणातल्या झोपायच्या गाडीत झोपायला गेले. तेव्हापासून ते तिथंच आहेत.

परवा सकाळी नागपूरचे एक गृहस्थ दात घासत अंगणात आले. गाडीला चक्कर मारली. सूर्यफुलांच्या पडद्यांना हात लावून पाहिला. आतली शेगडी, पलंग, सगळं डोकावून पाहिलं. म्हणाले, “फारच झकास! काका, आठवडाभर भाड्यानं द्याल का? आम्हाला नुसतं एकटं फिरायचंय.”

उदयसिंहाचे डोळे भरून आले. नाशिकच्या पाहुण्यांनंतर गाडी मागणारा हा पहिलाच माणूस! त्यानं टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून, गोधडीच्या घडीआडून दीपमाला म्हणाली, “न्हाई जमायचं, दादा. आमी झोपायचं कुठं?”